देवीचा अंगारा आणि घसाऱ्याचं पान

मस्तगडातल्या उमाची बी.कॉम.ची पदवी एकाच पेपराला अडकली होती. तिन्ही वर्षांचे बाकी सगळे पेपर निघाले होते, तिसऱ्या वर्षात तर मार्कही बरे पडले होते. पण दुसऱ्या वर्षाचा अकाउंटन्सीचा पेपर राहिला तो राहिलाच. विद्यापीठाचा नियमच तसा. इकडचे जास्तीचे मार्क तिकडे चालत नाहीत, प्रत्येक पेपरात स्वतंत्र पास व्हावं लागतं, आणि मागचा विषय निघाल्याशिवाय पुढचा निकाल हातात येत नाही. लग्न होऊन ती या घरी आली तेव्हा नवरा मुकुंद चारचौघांत हसत म्हणायचा, "आमच्या हिची पदवी झालीय, फक्त अजून दिली न्हाई."

उमा वरवर हसायची. दोनदा ती त्या पेपराला बसली होती. पहिल्यांदा काविळीतून उठून गेली होती, डोळ्यांपुढे आकडे पिवळे दिसले. दुसऱ्यांदा तब्येत ठणठणीत होती, पण पर्यवेक्षक शेजारी येऊन उभे राहिले आणि जमा कुठली, नावे कुठली, हेच तिला आठवेना. घरी पोळ्या लाटताना जे गणित तोंडपाठ म्हणायची, ते तिथे पार पुसलं गेलं. भीती हाच तिचा खरा नापास विषय होता.

त्यातच मुकुंद कॉलेजातून नोटीस वाचून आला. "अगं, जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा. यावेळी न्हाई निघाला, तर नवा अभ्यासक्रम. पहिल्या वर्षापासून सगळं परत."

तीन वर्षं, तीही माहेरी केलेली, पुन्हा आता कुठून आणायची?

सासूबाई प्रेमलाबाई मोठ्या देवभक्त. स्वतः चौथीपर्यंतच शिकलेल्या, पण सुनेच्या पुस्तकाला चुकून पाय लागला तर पुस्तकाच्या पाया पडायच्या. पेपरच्या सकाळी त्यांनी सुनेच्या हातावर दही ठेवलं आणि कागदाची एक बारीक पुडी दिली. "अंबडच्या देवीचा अंगारा आहे. पेपर हातात पडला की आधी कपाळाला लाव, मंग लिहायला घे. भ्यायचं न्हाई बिलकुल."

"आत्याबाई, भरारी पथक आलंय म्हणे. काल दोन पोरांना उठवलं."

"उठवू दे. तू काय चोरी करून राह्यलीस का?"

उमाने पुडी कमरेला खोचली आणि निघाली.

वर्गात सत्यशीलाबाई नावाच्या पर्यवेक्षिका होत्या. कडक, पण आवाज हळू. त्यांनी पेपर वाटले. उमाने डोळे मिटून पुडी सोडली, चिमूटभर अंगारा कपाळाला लावला, उरलेला जिभेवर ठेवला. देवीचा अंगारा खाली कसा सांडायचा? मग कागदाची घडी करायला म्हणून तिने तो उलगडला.

तिच्याच गाईडचं पान होतं ते. तिचं गाईड जुनं, शिवण सुटलेलं, पानं निसटायची. पानावर वरच ठळक छापलेलं होतं: घसारा. खाली यंत्राची किंमत दरवर्षी किती झिजते त्याचं खातं, वर्षवार काढलेलं, शेवटपर्यंत सोडवलेलं.

तिने प्रश्नपत्रिकेकडे पाहिलं. चौथा प्रश्न, घसारा. आकडे निराळे, पण रीत तीच.

आत्याबाईंनी हे काय केलं! आणि लगेच तिला कळलंही, का केलं ते. वर्तमानपत्रात त्या प्रसाद कधीच बांधत नसत. "त्यात मेलेल्यांचे फोटो, सिनेमाच्या नटव्या. देवीचा अंगारा त्यात कसा बांधू?" असं म्हणायच्या. कपाटाखाली निसटलेलं पान त्यांना सापडलं असणार. स्वच्छ, आकड्यांचं, विद्येचं. त्याहून पवित्र कागद त्यांच्या लेखी दुसरा नव्हता.

आता हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर कोण मानणार? खिडकीतून टाकावं तर खाली शिपाई उभा. गिळावं तर घास घशात अडकेल, सगळा वर्ग बघेल. कॉपी केस झाली तर हा पेपरच काय, पुढची परीक्षाही बंद. आणि मस्तगडात तोंड कसं दाखवायचं?

कागद मुठीत ठेवून तिने पहिला प्रश्न घेतला. अक्षर वेडंवाकडं उमटत होतं. दुसरा झाला, तिसरा झाला. कोणतेही पाच सोडवायचे होते. घसारा तिला येत होता, चांगला येत होता, कागद नसता तरी आला असता. पण पेनाचं टोक तिथे टेकेचना. नजर पडली ती पडलीच. आता लिहिलं ते आपलं कशावरून? कपाळावर देवीचा अंगारा, आणि मुठीत हे. तिने घसारा सोडला आणि ज्याला ती वर्षभर घाबरत आली होती, ते भागीदारी मोडल्याचं गणित घेतलं. चुकली, खोडलं, पुन्हा मांडलं, पुन्हा खोडलं.

एवढ्यात व्हरांड्यात बुटांचा आवाज झाला. शेजारच्या वर्गात कुणीतरी ओरडलं, "पर्स बाहेर ठेवा सगळ्या! जल्दी!"

उमा उठली. कशी उठली, तिलाच ठाऊक नाही. टेबलापाशी जाऊन तिने मूठ उघडली. "बाई, हे माझ्याकडं निघालं. अंगाऱ्याची पुडी होती."

सत्यशीलाबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या वर्गात कॉपी सापडली तर त्यांनाही जाब द्यावा लागणार होता. "आत्ता सांगताय? इतका वेळ काय करत होतात?"

"भीत होते," उमा म्हणाली.

तोवर पथकाचे साहेब दारात. त्यांनी पान उचललं, झटकलं, बोटाला राख लागली. "हे काय?"

"यांनी स्वतः आणून दिलं, सर," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "देवीचा अंगारा होता म्हणतात."

"वा! अन् देवी कधीपासून बी.कॉम. करून राह्यली?" मागच्या बाकांवर हशा पिकला. "बूट वाजले की सगळेच आणून देतात, बाई. आणा उत्तरपत्रिका."

उमाला देवीचं नावसुद्धा आठवेना. साहेबांनी पानं उलटली. एकदा, पुन्हा एकदा.

"चौथा प्रश्न कुठंय?"

"न्हाई घेतला."

"येत न्हाई?"

"येतो, साहेब. पण त्या पानावर नजर पडल्ती. म्हणून सोडला."

साहेबांनी भागीदारीची खाडाखोड ओळीओळीने पाहिली. पथकातल्या बाईंनी उमाची झडती घेतली, काही निघालं नाही.

"बसा जागेवर," साहेब म्हणाले. "पान माझ्याकडे राहील. बघू काय करायचं ते." आणि गेले.

त्या "बघू"ने उमाचा सगळा उन्हाळा खाल्ला. ती घरी येऊन प्रेमलाबाईंना बिलगून रडली. सगळं ऐकून सासूबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. "माझ्याच हातानं सुनेच्या विद्येत राख कालवली गं!" त्या दिवसापासून त्यांनी गोड सोडलं. पोस्टमनची सायकल वाजली की दोघी एकदम दाराशी, आणि दुसऱ्याचं टपाल निघालं की दोघींचा जीव एकदम भांड्यात. विद्यापीठाचा कागद कधीही येईल, असंच त्यांना वाटत होतं.

कागद आला नाही. निकाल लागला. उमा जायला तयार होईना, म्हणून मुकुंद बघायला गेला. परत आला तेव्हा ती देवघरापुढे बसली होती, आणि तिला मान वळवायचा धीर होईना.

"नंबर आहे," तो म्हणाला. "काठावर निघाला, पण निघाला."

"माझाच का? बराबर बघितलं का?"

"तीनदा बघितलं."

"मंग परत जाऊन या."

"अगं, नंबर काय उडून जाणार आहे का?"

पण तिचा विश्वास बसेना. शेवटी सासू-सुना दोघी चपला घालून निघाल्या. फळ्यावर लावलेल्या यादीवर उमाने बोट ठेवलं. प्रेमलाबाईंनी तो आकडा आधी डोळ्यांनी, मग हात लावून बघितला, आणि तोच हात कपाळाला लावला.

"अजून भीती वाटती का गं?" त्यांनी विचारलं.

"वाटती," उमा म्हणाली. "पण आता चालतं."

पुढे त्या घरातून कितीजण परीक्षेला गेले. अंगारा सगळ्यांना मिळाला. पण प्रेमलाबाई होत्या तोवर त्यांनी तो विड्याच्या पानातच बांधून दिला, आणि देण्याआधी ते पान दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं.