जायला जमलं नाही

त्या स्पॅनिश सिस्टरचं नाव मी कधी विचारलं नाही. पंचाहत्तर सालच्या सुमाराला मी सोलापुरात, परदेशात टॉवेल पाठवणाऱ्या एका पेढीत कारकून होतो. स्पेनहून येणारी पत्रं वाचता यावीत म्हणून दर शनिवारी तिच्या दवाखान्यात शिकायला जायचो. बँडेजच्या पट्ट्या गुंडाळत ती शिकवायची. मराठी ती पेशंटांकडून शिकलेली, त्यामुळे बोलणं थेट मंद्रूपच्या बाजारातलं.

एका शनिवारी धडा भूतकाळाचा होता. ‘जमलं नाही’ म्हणजे ‘नो पुदे’, असं सांगून तिनं मला वाक्य करायला लावलं. मी लिहिलं, भाऊ वैरागला आजारी होता, जायला जमलं नाही.

“एस्टी बंद व्हती व्हय?”

“नाही.”

“मग तुमी आजारी?”

“नाही.”

“मग ‘नो पुदे’ कसं, दादा? ते म्हंजे लई धडपडलो, पर जमलं न्हाय. हितं ‘नो किसे’ पायजे. जायाचंच न्हवतं, म्हनून न्हाय गेलो.”

तिनं माझा शब्द खोडला, वर दुसरा लिहिला आणि पुढची पट्टी घेतली. तिच्या लेखी ती व्याकरणाची चूक होती.

भाऊ क्षयानं गेला होता. दोनदा निरोप येऊनही लागण होईल या भीतीनं मी गेलो नव्हतो. वहिनीला हे सांगायला मला पुढं वीस वर्षं लागली.

ती म्हणाली, “ठावं हाय की, भावजी. ह्यास्नीबी ठावं व्हतं. म्हनून तर तिसरा निरोप धाडू दिला न्हाय.”