ओके रिपोर्ट

वडील लोणंदच्या कांदा बाजारात हमाली करत. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सहा महिन्यांच्या बोलीवर नोकरी लागली, तेव्हा ती कायम होईपर्यंत आईने गल्लीत कुणालाच सांगितलं नाही.

कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनत. प्रत्येक भागाची तपासणीतली मापं एका लिनक्स सर्व्हरवर साठत. डिस्क भरली की नोंद थांबे आणि तेवढे भाग पुन्हा तपासावे लागत. मी येण्याआधी असं एकदा झालं होतं. म्हणून आमच्या विभागाच्या साहेबांनी मला पहिलं स्वतंत्र काम दिलं. डिस्क भरत आली की सर्व्हरने आपण होऊन सांगितलं पाहिजे.

मी एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली. दर तासाला ती डिस्क किती भरली ते बघे, लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजच्या नोंदींत, कुठे चूक नोंदली आहे का ते शोधी, आणि डिस्क ऐंशी टक्क्यांपुढे गेली तर मला मेल पाठवी. मुद्दाम मोठी फाइल टाकून बघितलं, मेल आला. साहेब "छान" म्हणाले. मला तेवढं खूप होतं.

गेटवर पहाऱ्याला लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार होते. सगळे त्यांना मेजर म्हणत. सकाळी सही करताना ते विचारत, "म्याडम, तुमचा पहारेकरी काय म्हणतोय?" मी सांगे, काही बिघडलं तरच तो बोलतो. एकदा ते म्हणाले, "मग त्यो झोपलाय का जागा हाय, कसं कळायचं?" मी हसून आत गेले.

पाचव्या महिन्यात एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर तपासणी विभागातून फोन आला. मापं साठत नव्हती. डिस्क पूर्ण भरली होती आणि मला एकही मेल आला नव्हता. जुने लॉग हटवून आधी जागा केली, मग कारण शोधायला बसले. स्क्रिप्टने काम चोख केलं होतं. एक्क्याऐंशी टक्के, चौऱ्याऐंशी, नव्वद. चार दिवसांचे सगळे निरोप सर्व्हरवरच अडकून पडले होते. सर्व्हर ज्या खात्यातून मेल पाठवी, त्याचा पासवर्ड ऑफिसच्या नियमाप्रमाणे मीच बदलला होता, आणि सर्व्हरला नवा द्यायचा राहून गेला होता.

मेल सेवाच बंद पडली असावी, असा साहेबांचा समज झाला. वरच्यांना फोनवर ते तसं सांगतही होते. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. कायम झाल्याचं पत्र पुढच्याच महिन्यात निघणार होतं.

त्यांनी फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "सर, मेल चालू होता. पासवर्ड मी बदलला आणि सर्व्हरवर बदलायला विसरले."

ते म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मला कसं कळेल?"

संध्याकाळी गेटवर मेजरांना सगळं सांगितलं. या वेळी त्यांनी चिडवलं नाही. "आमच्याकडं चौकीवरनं ठरल्या येळंला ओके रिपोर्ट यायचा," ते म्हणाले. "काय झालं नसलं तरी. न्हाई आला की आदी तिकडं माणूस धाडायचा. गप हाय म्हंजे बरं हाय, आसं धरायचं न्हाई, पोरी."

दुसऱ्या दिवशी स्क्रिप्टमध्ये भर घातली. रोज सकाळी नऊला, सगळं सुरळीत असलं तरी, डिस्कचा आकडा मला आणि साहेबांना. नाही आला तर आधी सर्व्हर बघायचा.

पत्र मात्र निघालं नाही. माझी मुदत तीन महिने वाढली. घरी कसं सांगावं ते सुचेना, तरी निर्णय योग्य आहे हे मला पटत होतं. त्या तीन महिन्यांत एका सकाळी निरोप आला नाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. नेटवर्कची एक वायर सैल झाली होती. दहा मिनिटांत सापडली.

पत्र मिळालं त्या दिवशी ते आधी मेजरांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, आजचा रिपोर्ट आला का? आला होता, बासष्ट टक्के. मग मी आईला फोन केला आणि म्हटलं, आता गल्लीत सांग.