निंबापाशी उतरणारी जिजाबाई

बायकांनी सायकल चालवण्यावरचं जिजाबाईंचं भाषण साऱ्या मोहल्ल्याला पाठ होतं. आधी नाक ओढायचं, मग पदर खोचायचा, मग म्हणायचं, "बाईच्या जातीनं सायकल चालवावं काय वं? उद्या म्हणसान, झाडावर चढू दे." त्यांची भाची अंजना हे सगळं हुबेहूब करून दाखवायची, नाक ओढण्यासकट.

म्हणून १९६९ च्या जानेवारीत, बायकांच्या सायकल शर्यतीला चौथं नाव मिळेना आणि चुलीपुढून जिजाबाई म्हणाल्या, "माह्यं लिवा," तेव्हा अंजनाच्या तोंडातला चहा तोंडातच राहिला.

पुरुषांची शर्यत दर सव्वीस जानेवारीला व्हायची, गावच्या पुलापासून भरवेलीच्या खाणीच्या फाटकापर्यंत. यंदा बायकांचीही ठेवा म्हणून अंजनानं मंडळाचे सेक्रेटरी हिरालाल यांचं डोकं खाल्लं होतं. हिरालाल दर चार शब्दांमागं खोकत.

"देखो बेटी, अहं, चार बाया आणा. पण एक जरी, अहं, फाटकाच्या आधी उतरली, तर पुढच्या सालापासून बंद. मले तमाशा नाही पाहिजे, अहं."

अंजना आणि तिच्या दोन मैत्रिणी, झाल्या तीन. चौथी ही.

"मावशी, तुले येते चालवता?"

"पाहू."

"आन् साडी साखळीत गेली तं?"

"माह्या लुगड्याले कासोटा हाय. तू आपल्या गोल साडीचं पाहाय."

शर्यतीच्या आदल्या रात्री अंजनाला झोप येईना. मावशी खाणीत दगड निवडायला जायची. सुखराम मावसाजी तिथंच चौकीदार. दोघं पहाटे एकाच सायकलवर निघत. फाटकाशी पोचताना मावसाजी हँडल धरून लंगडत पुढं, मावशी डबा घेऊन मागं. चालवणारे ते, बसणारी ही. सगळ्यांना हेच ठाऊक. मग ही उद्या पडली, की शर्यत कायमची गेली.

सकाळी शिटी वाजली आणि अंजनाचं तोंड उघडंच राहिलं. मावशी मावसाजींच्या दांड्याच्या सायकलवर टांग टाकून बसली आणि सुटली. अनवाणी पाय, ताठ पाठ, मागं पोतं लादल्यागत जोर. पोतं तर नव्हतंच. सायकल अशी पळाली, की वाटेतल्या कोंबड्यांनाही बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही.

फाटक दिसायला लागलं. तिथं खाणीची सारी कॉलनी गोळा झाली होती. मावशी सगळ्यांच्या पुढं. आता जिंकणार, आणि तेवढ्यात वळणावरच्या निंबापाशी मावशीनं ब्रेक दाबला. खाली उतरली. हँडल बाजूला धरून मागच्या रिकाम्या कॅरियरकडं पाहत उभी राहिली.

मागून येणाऱ्या अंजनानं ब्रेक दाबला. तिनंही पाय टेकला. मैत्रिणी पुढं निघून गेल्या.

"मावशी, काहून उतरली वं? बस ना."

मावशीचा हात तसाच, कुणीतरी हँडल घ्यावं म्हणून पुढं केलेला.

फाटकाकडून हिरालाल आले, "उतरली, अहं, उतरली" म्हणत. त्यांच्यामागं सुखराम लंगडत आले. हँडल त्यांनी सवयीनं धरलं. मग सोडून दिलं.

"ते उतरणं तिचं नोहे, माह्यं हाय," ते म्हणाले. "ट्रॉलीखाली पाय गेला, त्याले अकरा वर्स झाले. तवापासून सायकल हे चालवते, म्या मागं बसतो. आपल्या डोक्याले माहा दुपट्टा गुंडाळते, अंधारात कोणाले समजत नाही. निंबापाशी म्या तिले उतरवतो, आन् हँडल म्या धरतो. इथून पुढं लोकं पाह्यतात."

अंजना मावशीकडं पाहतच राहिली. नाक ओढणं, पदर खोचणं, ते अख्खं भाषण. कुणाला संशय येऊ नये म्हणून, अकरा वर्षं.

"अकरा साल?" हिरालाल म्हणाले. खोकायचं विसरले.

"त्यात काय," फाटकाकडून मागोमाग आलेल्या गर्दीतून शेवंताबाई म्हणाली. ती मावशीसोबत दगड निवडायची. "आमच्या ह्यायले पहाटं दिसत नाही. आमचंबी असंच हाय, नाल्यापर्यंत."

गर्दीतले तीन-चार नवरे एकदम आपापल्या चपला पाहू लागले.

"बस जिजे," सुखराम म्हणाले. "आज फाटकापर्यंत."

मावशी बसली. अंजना तिच्या मागोमाग, शेवटून पहिली. हिरालाल त्या निंबाकडं पाहत होते.

"पुढच्या साली," ते हळूच म्हणाले, "इथं एक माणूस उभा ठेवा. अहं. कोणाले उतरू देऊ नका."