कोपऱ्यातलं कुंकू

घरच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला, पण त्यात पानांची नुसती चित्रं यायची आणि आमच्या शाळेच्या जुन्या स्मरणिका पुन्हा टाइप करायचं जिवावर आलं. म्हणून छापील मराठी वाचून आपोआप टाइप करून देणारं सॉफ्टवेअर आणायला मी नारायणगावात गेलो. दुकानदाराकडं अशा दोन सॉफ्टवेअरच्या सीडी होत्या. माझ्याआधी एक धोतरवाले म्हातारे लेकीच्या जुन्या लग्नपत्रिकेची रंगीत प्रत काढायला आले होते. पत्रिका स्कॅनरवर होतीच, तीच दुकानदारानं दोन्ही सॉफ्टवेअरना वाचायला दिली.

पहिलं कोपऱ्यातल्या कुंकवाशी अडखळलं आणि तिथं भलतीच चिन्हं उमटली. दुसऱ्यानं मात्र मजकूर लख्ख दिला, कोपरे पांढरेशुभ्र.

"हेच घ्या, भाऊ. घाण आपोआप काढतं," दुकानदार म्हणाला.

म्हाताऱ्यांनी पत्रिका उचलली. कुंकवाला धक्का न लावता तळहातानं तिच्यावरची धूळ झटकली.

"घाण न्हाई ती, राव. पोरीच्या आईचं बोट हाय. आता तेवढंच ऱ्हायलंय तिचं."

मी पहिलंच सॉफ्टवेअर घेतलं. दुकानदारानं मला वेड्यात काढलं. स्मरणिकांच्या मजकुरात अजूनही मधेच भलती चिन्हं उमटतात. खोडायला जातो आणि हात थांबतो. तिथं कुणाचं बोट लागलं होतं, कुणास ठाऊक.