पारूबाईनं लावलेला हिरडा

भाटघरच्या धरणात गाव जाणार हे नक्की झालं, तेव्हा पारूबाईचे सासरचे लोक वरच्या माळावर घरं बांधू लागले. वासे, भांडी, बैल सगळं वर गेलं. बांधावरचा जुना हिरडा तेवढा खालीच राहणार होता. दर उन्हाळ्यात त्याचे कोवळे हिरडे झोडून, वाळवून काळे झाले की बाळहिरडा म्हणून भोरच्या बाजारात जात. पोरांचं पोट बिघडलं की घरात तोच उगाळला जाई.

"रानात हिरडं काय कमी हायेत?" नवरा कुंडलिक म्हणाला.

"माळावर एक तरी दावा."

त्या हिवाळ्यात झाडाखाली पडलेली पिवळी, पिकली फळं तिनं ओटीत भरून आणली आणि नव्या घरामागं पुरली. पावसाळा सरला, काही उगवलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. दळता दळता जातं सोडून ती माती उकरून बघायला जायची. बी दगडासारखं टणक, जसंच्या तसं. खाली पाणी चढत होतं. हिरड्याचा शेंडा पाण्याबाहेर राहिला, मग तोही वाळला. तिला घरात बसवेना, रानात करमेना.

एकदा ती खतासाठी लेंड्या आणायला दिराच्या, हैबतीच्या, शेरडांच्या वाड्यात गेली. खाली स्वच्छ, पांढरट बिया पडलेल्या. एक-दोन तडकून त्यांना कोंब फुटलेले.

"भावजी, ह्या कशाच्या?"

"हिरड्याच्या. वरच्या रानात शेरडं फळं खात्यात आन् रवंथ करताना बी टाकत्यात. झाडून झाडून कटाळा आला बगा."

पारूबाईनं त्या सगळ्या वेचल्या. पावसाच्या तोंडावर लेंडीखत घालून खड्ड्यांत लावल्या. ह्या वेळी रोपं आली! पण श्रावणात हैबतीचीच शेरडं सुटली आणि निम्मी रोपं खाऊन गेली. ती काठी घेऊन धावली, दिराला वाट्टेल ते बोलली. दुसऱ्या दिवशी न सांगता येऊन त्यानं करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

दोन झाडं जगली, पण वाढ फार सावकाश. उन्हाळ्यात ती डोक्यावर घागर घेऊन चढण चढायची. "आता तरी थांब की," कुंडलिक म्हणायचा. ती थांबायची नाही. पानं गळली की झाड मेलं म्हणून घाबरायची, खोड नखानं खरवडून हिरवं बघायची.

बारा-तेरा वर्षांनी एका झाडाला मोहर आला आणि कोवळे हिरडे धरले. केस पिकलेली पारूबाई खाली उभी राहून म्हणाली, "झोडायचं न्हाई. हातानं तोडा." हैबतीच वर चढला. निघाले ते सूपभरच. ती एक कोवळा हिरडा चावून तोंड वाकडं करत हसली.

वर्षभरानं दुसरं झाड फुललं. तोवर तिनं घराच्या खालच्या अंगाला आणखी खड्डे खणले होते.