आहेराचा तास

घुग्घुसच्या बसस्टँडमागे धम्मदीपभाऊचं व्हिडिओचं दुकान. दोन हजार बारा साली लग्नाच्या जुन्या कॅसेटी डीव्हीडीवर उतरवून द्यायचा धंदा जोरात होता, अन् भाऊचा कायदा एकच: एका डिस्कवर दोन तास. वर एक मिनिट नाही.

"पाकिटावर चार पॉइंट सात जीबी लिवलं आहे, पण कॉम्प्युटर चार पॉइंट तीनच दाखवते," हे तो गिऱ्हाइकानं न विचारताच सांगे. कोणी चार तास कोंबायला सांगितलं की उखडे. "कोंबून देतो ना. मंग नवरदेवाच्या तोंडाच्या चौकटी चौकटी झाल्या, तर मले बोलू नका." दुसरी डिस्क घ्या म्हटलं की लोक नाक मुरडत. मग भाऊ खुशाल कात्री चालवी, अन् ती नेहमी आहेरावर. आता आहेर म्हणजे काय? माईकवाला नाव पुकारतो, पाहुणा ताट नाहीतर पाण्याचा गुंड घेऊन पुढे येतो, अन् कॅमेऱ्याकडे तोंड केल्याशिवाय हातातलं भांडं काही सोडत नाही. असे दीडशे पाहुणे. कोण बघत बसतं, सांगा बरं! आजवर एकानंही तक्रार केली नव्हती.

ऊर्जानगरच्या अन्नपूर्णाबाईच्या लग्नाची कॅसेट तीन तासांची निघाली. बाई मूळची घुग्घुसची. चौदा वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचं शूटिंग भाऊनंच केलं होतं. त्यानं सवयीनं आहेराचा तास उडवला, डिस्क अन् कॅसेट बाईच्या हातात दिली, अन् कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून टाकलं. तिथंही जागा लागतेच की.

चौथ्या दिवशी बाई दुकानात हजर. आवाज चढलेला नाही, पण डोळे लाल.

"भाऊ, माहा इसरू कुठी गेला?"

इसरू तिचा धाकटा भाऊ. कोळसा खाणीत होता. लग्नाच्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, म्हणून शिफ्ट सुटल्यावर तसाच मोटरसायकल हाणत आला अन् नेमका आहेराच्या वेळी पोचला. पुढच्याच उन्हाळ्यात तापानं गेला. फोटो होता एक, ओळखपत्रावरचा, ताठ चेहऱ्याचा. चालता-हसता इसरू साऱ्या जगात त्या कॅसेटीतच होता.

धम्मदीपभाऊच्या तोंडचं पाणी पळालं. बाईनं कॅसेट आणली होती, पण तिला बुरशी धरलेली. मागच्या खेपेलाच ती कशीबशी फिरली होती. त्यानं कॅसेट उघडली, फीत मऊ कापडानं पुसली, अन् जीव मुठीत धरून लावली. दोनदा अडकली. तिसऱ्यांदा फिरली.

पडद्यावर माईकवाला ओरडला, "इसरूकडून तांब्याचा गुंड!" कोपरापर्यंत काळा झालेला इसरू पुढे आला. बहिणीच्या शालूला कोळसा लागू नये म्हणून त्यानं गुंड लांबूनच धरला, अन् स्वतःच्याच अवताराला खदखदून हसला. तेवढ्यात कॅमेरा झटक्यात वळला, मांडवाच्या दारात थांबलेल्या कुण्या साहेबाच्या जीपकडे.

"एवढंच?" बाईनं विचारलं.

"एवढंच, बाई. नऊ सेकंद." भाऊ खाली मान घालून म्हणाला, "कॅमेरा मीच पलटवला होता. तवा मले जीप मोठी वाटली."

बाई म्हणाली, "याचीच एक डिस्क करून द्या."

"नऊ सेकंदाले अख्खी डिस्क? बाकीची रिकामी राहीन ना."

"रिकामी काऊन ठेवता? त्यालेच भरा."

भाऊनं एरवी हुज्जत घातली असती. त्या दिवशी दुकानाचं दार लोटून तो बसला अन् तेच नऊ सेकंद एकापुढे एक जोडत गेला. संध्याकाळपर्यंत दोन तास भरले. इसरू आठशे वेळा पुढे आला, आठशे वेळा त्यानं गुंड धरला अन् आठशे वेळा हसला. जीपकडे कॅमेरा एकदाही गेला नाही.