सायलेन्सरपुढचा पांढरा रुमाल

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माझं बॅटरीचं दुकान आहे आणि माझ्या नशिबानं शेजारीच रहमतभाईचं डिझेल पंपाचं वर्कशॉप. वीस वर्षांपूर्वी, मुलीच्या साक्षगंधासाठी नवा पांढरा शर्ट घालून मी दुकानाबाहेर पडलो आणि त्याच क्षणी त्याच्या दारातल्या ट्रकनं माझ्या अंगावर धूर सोडला. साक्षगंधाला मी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा पोचलो. दुसऱ्या दिवशी मी रहमतभाईला जे बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं की आजपासून मी हो म्हटल्याशिवाय त्याच्या वर्कशॉपमधून एकही गाडी जाणार नाही. मला वाटलं, माणूस वेळ मारून नेतोय. पण तेव्हापासून जोर वाढवलेली प्रत्येक गाडी तो भरून चढावर नेतो. तारेच्या रिंगणात एक पांढरा रुमाल ताणून सायलेन्सरच्या तोंडापुढं वीतभर अंतरावर बांधतो. परत आला की रुमाल माझ्यापुढं धरतो. मी त्यावर अंगठा घासायचा आणि तो माझ्या शर्टाच्या खिशावर टेकवायचा. खिशावर डाग उमटला तर गाडी परत आत. हे रुमाल त्याची बायको जुबैदा शिवते, आणि मी तिच्या कामात विनाकारण भर घातली असं तिचं ठाम मत आहे.

जुन्या पंपाच्या ट्रकचा जोर वाढवणं तसं कोणालाही जमतं. पंपाचा स्क्रू पिळला की डिझेल जास्त जातं, गाडी पळते, मागं अंधार पडतो, ड्रायव्हर खूश होतो आणि सहा महिन्यांत पिस्टन जळतो. रहमतभाईचा हिशेब उलटा आहे. आधी हवा, मग डिझेल. इंजिनला जेवढी हवा ओढता येईल तेवढंच डिझेल द्यायचं, थेंबभर जास्त नाही. नव्या कॉम्प्युटरवाल्या गाड्यांचा त्याला राग नाही. त्या आपलं दुखणं पडद्यावर सांगतात, जुन्यांचं कान देऊन ऐकावं लागतं, एवढंच तो म्हणतो. आणि खरोखरच लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून तासभर बसतो. त्या वेळी त्याला चहा विचारायला गेलात तर शिव्या खाल.

गेल्या हंगामात घाटंजीचा उकंडा आपला बावीस वर्षांचा ट्रक घेऊन आला. सोबत बायको कौसल्या आणि मुलगा धम्मरत्न. ट्रक भरला की घाटंजी-यवतमाळ वाटेवरच्या चढावर दम टाकायचा, मागून ट्रॅक्टर ओलांडून जायचे. धम्मरत्नानं बापाशी ठरवून टाकलं होतं: कापसाची पहिली खेप चढावर न थांबता आणली तर ट्रक राहील, नाहीतर सरळ भंगारात. पोरगं वाईट नव्हतं. भर उन्हात रस्त्यावर जॅक लावून बसलेला बाप त्याला बघवत नव्हता. पण उकंडाचा जीव त्या ट्रकमध्ये अडकला होता, आणि बोलताना तो सारखा बॉनेटवर हात ठेवायचा.

रहमतभाई बारा दिवस त्या ट्रकला चिकटून होता. भंगारातल्या एका नव्या गाडीचा, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो आणून बसवला, आत जाणारी हवा थंड करायला इंटरकूलर लावला, नोझल बदलले, पंप टेस्ट बेंचवर चढवून डिझेलचं माप नव्यानं बांधलं. टर्बोनं रस्त्याची धूळ ओढू नये म्हणून हवेचा पाइप केबिनच्या मागं उंच नेला आणि त्याचं तोंड मागं वळवलं. मग खडी भरून चढावर नेला. ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये चढला. रुमाल आला, अंगठा खिशावर टेकला, खिसा स्वच्छ. मी हो म्हटलं.

दोन दिवसांनी कापसाची खेप होती. रहमतभाईनं सायलेन्सरपुढं पुन्हा रुमाल बांधला आणि मलाही जबरदस्तीनं केबिनमध्ये कोंबलं. आमच्याकडे सुटा कापूस कसा भरतात ते ठाऊक असेलच. ट्रकच्या दोन्ही बाजूंनी पोट सुटतं आणि वरचा ढीग केबिनवर रेलतो. उकंडा चालवत होता, कौसल्या खिडकीशी, मधे आम्ही दोघं म्हातारे, आणि मागून मोटारसायकलवर धम्मरत्न. चढाचा पहिला टप्पा झकास गेला. उकंडा गुणगुणायला लागला. अर्ध्यावर गाडी जड झाली, दुसरा गिअर, पहिला, मागं काळा लोट, आणि ट्रक थांबला.

खाली उतरलो तेव्हा कोणी कोणाकडे बघेना. रुमाल तव्यासारखा काळा झाला होता. धम्मरत्नानं हेल्मेट काढलं आणि हळूच म्हणाला, "बाबा, आता तरी ऐका." उकंडानं बॉनेटवर हात ठेवला. रहमतभाईचा चेहरा उतरला होता, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

कौसल्या तेवढी वर बघत होती. तिचा सगळा जन्म कापूस वेचण्यात गेलेला. ती म्हणाली, "मिस्त्री, तुमचा पाइप कापूस खाऊन राह्यला."

खरंच होतं. पाइपचं मागं वळलेलं तोंड कापसाच्या ढिगात रुतलं होतं. नव्या टर्बोची ओढ मोठी, त्यानं पुंजकेच्या पुंजके ओढून फिल्टरवर गादी घातली होती. रहमतभाईनं खडीवर गाडी पारखली आणि खडी काही उडून पाइपात जात नाही. यवतमाळात जन्म काढलेल्या मिस्त्रीनं कापूस विसरावा, याला काय म्हणावं? त्यानं कपाळावर हात मारला आणि मग इतका हसला की आम्हालाही हसू आवरेना.

पाइपचं तोंड पुढं फिरवलं, फिल्टर झटकून साफ केला, नवा रुमाल बांधला. चढ पुन्हा पायथ्यापासून धरला. ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये एकाच दमात माथ्यावर पोचला. उकंडाचे डोळे भरून आले होते. धम्मरत्न मागून आला आणि ट्रक राहू द्या म्हणाला.

रहमतभाईनं रुमाल माझ्यापुढं धरला. मी अंगठा घासला, खिशावर टेकवला. अगदी फिकट डाग उमटला. कौसल्या माझ्याकडेच बघत होती. मी हातानं खिसा झाकून म्हटलं, "चालते. हो."

त्यानं माझा हात बाजूला केला आणि खिसा पाहिला.

"पुंडलिकराव, वीस वर्षं तुम्ही नाही म्हणत गेले म्हणून मी हे काम शिकलो. आज काहून खोटं बोलता?"

उकंडा, गाडी चढली ना, असं विनवत होता, पण रहमतभाईनं बॉनेट उघडून पंपाचा स्क्रू केसभर मागं घेतला, रुमाल बदलला आणि भरलेला ट्रक परत खाली न्यायला लावला. मी माथ्यावरच दगडावर बसून राहिलो. साठी उलटलेला माणूस, पण परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

ट्रक वर आला. तिसऱ्या गिअरमध्येच. रहमतभाईनं उतरून रुमाल माझ्यापुढं धरला. मी अंगठा पुसून चांगला दाबून घासला, शर्टाच्या दुसऱ्या, कोऱ्या बाजूवर टेकवला आणि सगळ्यांना दिसेल असा हात बाजूला घेतला.

"हो," मी म्हटलं.